गच्चीवरचे साडेदहाचे फोन

ते प्रकरण कागदोपत्री आठवड्याच्या आत निकाली निघालं. गुन्हा दाखल झाला नाही, कुणाला अटक झाली नाही, वर्तमानपत्रात ओळही आली नाही. तरी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेल्या खून-दरोड्यांपेक्षा तेच मला जास्त वेळा आठवतं. त्यातल्या कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते वाचणाऱ्याला कळेलच.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. मी पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि माझ्याकडे गोपनीय कक्ष होता. नाव भारदस्त, काम साधं. पासपोर्टची पडताळणी, मोर्चांची आगाऊ माहिती, मंडळांच्या परवानग्या, आणि हद्दीत राहणाऱ्या परदेशी नागरिकांच्या नोंदी. परदेशी माणसाला घर भाड्याने दिलं की घरमालकाने चोवीस तासांच्या आत 'सी फॉर्म' भरायचा असतो. त्या फॉर्मांची फाइल माझ्या खुर्चीमागच्या कपाटात असायची. वर्षभर तिला कुणी हात लावत नसे.

मुलुंडच्या इस्पितळांमध्ये तेव्हा येमेनमधून बरेच रुग्ण यायचे. कुणाचं हृदयाचं ऑपरेशन, कुणाचं किडनीचं. महिना-दीड महिना आसपासच्या सोसायट्यांमध्ये भाड्याने राहायचे, बरे झाले की परत जायचे. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिकडे लढाई पेटली. शेजारच्या देशांची विमानं बॉम्ब टाकू लागली, विमानतळ बंद झाले, आणि इथे आलेली कुटुंबं इथेच अडकली.

पाठोपाठ वरून पत्र आलं. आपापल्या हद्दीतल्या त्या देशाच्या सर्व नागरिकांची यादी करा. व्हिसा तपासा. कोण भेटायला येतं, फोन कुणाला होतात, तिकडच्या कोणत्या गटाशी संबंध आहे का, यावर लक्ष ठेवून रोज पाच वाजेपर्यंत अहवाल पाठवा.

त्या आदेशात वावगं काही नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. लढाई सुरू असलेल्या देशाची माणसं आपल्याकडे आहेत, तर सरकार चौकशी करणारच. आमच्या हद्दीत अशी सात कुटुंबं निघाली. मी आणि आमच्या महिला हवालदार, दोघं घरोघर गेलो. बाई मालवणच्या, वडील गिरणीत होते म्हणून विक्रोळीत वाढलेल्या. ठाण्यात सगळे त्यांना ताई म्हणत. सातही घरांत एक गोष्ट सारखी दिसली. पासपोर्ट, इस्पितळाचे कागद आणि फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली. आम्ही काही विचारायच्या आत पिशवी हातात यायची. ताई जिना उतरताना म्हणाल्या, "साहेब, ह्यांना सवय आहे हो. आपल्यासारखे बरेच येऊन गेलेत ह्यांच्या दारात."

सातातलं एक जोडपं तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. तो पन्नाशीचा, उंच, सडपातळ, घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारा. बायकोच्या हृदयाची झडप बदललेली, ती पलंगावर. फॉर्मवर व्यवसाय 'शिक्षक', मुलं 'नाहीत' असं लिहिलेलं. व्हिसा अकरा दिवसांपूर्वी संपला होता. मुदतवाढीसाठी अर्ज केल्याची पावती मात्र त्याच्याकडे होती. मी नोंद घेतली आणि निघालो.

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी, त्या सोसायटीचे सेक्रेटरी ठाण्यात आले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आधी पंख्याखाली बसले, घाम पुसला, मग खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढून घेतली.

"साहेब, मला कुणाचं वाईट करायचं नाहीये. पण उद्या काही झालं तर लोक म्हणतील, सेक्रेटरी झोपला होता का?"

"काय झालंय ते सांगा."

"तो तिसऱ्या मजल्यावरचा. रोज सकाळी साडेदहाला गच्चीवर जातो, टाकीच्या मागे. हातात वही, दोन मोबाइल. एकामागून एक फोन लावतो. तासभर चालतं. आणि साहेब, बोलतो काय? नुसते नंबर. एक नंबर बोलतो, थांबतो, तिकडून काहीतरी उत्तर येतं, वहीत खूण करतो, पुढचा नंबर. मी स्वतः जिन्यात उभा राहून ऐकलंय. बँकेत आखातातले खातेदार होते, त्यामुळे अरबी आकडे तेवढे कळतात मला."

"रोज?"

"शुक्रवार, शनिवार नाही. बाकी चुकत नाही. आणि हे बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला. नळाच्या गळतीसाठी प्लंबर त्या घरात गेला होता. त्याच्याबरोबर गेलेल्या सेक्रेटरींनी भिंतीचा फोटो काढून आणला होता. भिंतीवर मोठा कागद, त्यावर हाताने काढलेला नकाशा, डोंगर, रस्ते, आणि जागोजागी छोटी वर्तुळं. प्रत्येक वर्तुळात आकडा.

मी तो फोटो बराच वेळ पाहिला. खरं सांगतो, मला उत्साह वाटला. वर्षानुवर्षं पडताळणीचे कागद पुढे सरकवणाऱ्या माणसाला असं काही हाती लागलं की काय वाटतं, ते पोलिसालाच कळेल.

मी फोटो घेऊन वरिष्ठ निरीक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "उद्या साडेदहालाच जा. पंच घेऊन जा. वही, फोन, नकाशा, सगळं ताब्यात घे."

मंगळवारी आम्ही गच्चीवर पोहोचलो तेव्हा तो तिसरा की चौथा फोन लावत होता. आम्हाला पाहून पळाला नाही, वही लपवली नाही. फोन कानाला तसाच धरून त्याने हाताने आम्हाला थांबायची खूण केली, वर्गात मध्येच कुणी शिरलं तर मास्तर करतात तशी. मला राग आला. मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला.

पंचनामा झाला. एक वही, दोन मोबाइल, एक नकाशा. खाली घरात त्याने बायकोला काहीतरी समजावलं, औषधाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या, घड्याळावर बोट ठेवून वेळ दाखवली आणि चप्पल घालून आमच्याबरोबर निघाला. अटक नव्हती. रोज दहा ते सहा चौकशीसाठी हजर राहण्याची नोटीस दिली होती. बायको एकटी आणि आजारी, म्हणून ताईंना त्या घरी बसवलं. कागदावर लिहिताना 'निगराणीसाठी' असं लिहिलं.

दुभाष्याची अडचण होती. सरकारी दुभाषा मिळायला आठ दिवस लागले असते. शेवटी कुर्ल्याचे एक चाचा सापडले. मूळ दापोलीकडचे, बावीस वर्षं आखातात क्रेन चालवून परतलेले. आल्या आल्या त्यांनी मला सांगून टाकलं.

"साहेब, माझी अरबी साइटवरची हां. उचल, सोड, थांब, आणि शिव्या, हे पक्कं. कवितेबिवितेतलं काय विचारू नका."

चौकशी सुरू झाली. माझा अनुभव असा की लपवाछपवी करणारा माणूस गप्प बसत नाही. तो न विचारलेलंही सांगतो, चहा मागतो, ओळखी काढतो. हा माणूस वेगळा होता. स्वतःबद्दल जे विचारलं ते सरळ सांगत होता. गाव कोणतं, इस्पितळ कोणतं, शाळा कोणती, किती वर्षं नोकरी. उत्तर आखून दिल्यासारखं, नेमकं. पण वहीवर आलो की तोंड बंद.

चाचांनी वहीचं पहिलं पान वाचलं. "नावं आहेत साहेब. एकतीस. पुरुषांची पण, बायकांची पण. समोर आकडा आणि गावाचं नाव. पुढच्या पानांवर नावं नाहीत, नुसते आकडे आणि खुणा."

"ही माणसं कोण आहेत?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही सांगणार.

"ह्या लोकांचं तुझ्याशी नातं काय?"

तेच.

बुधवारी वरिष्ठ स्वतः येऊन बसले. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. व्हिसा संपलाय, देशाबाहेर काढायचा प्रस्ताव आजच पाठवतो, असं सांगितलं. प्रस्ताव गेला असता तर काय झालं असतं ते वरिष्ठांना, मला आणि चाचांनाही ठाऊक होतं. जायला विमान नव्हतं, म्हणजे त्याला कुठेतरी डांबून ठेवावं लागलं असतं आणि बायको इथे एकटी. चाचांनी भाषांतर करताना आवाज बराच खाली आणला, तरी अर्थ पोहोचला. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तो सावकाश काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तुम्ही चांगली माणसं असाल. तुमच्यावर माझा राग नाही. पण कागद तुमच्यापाशी राहणार नाही. तो पुढे जाईल, पुढून आणखी पुढे जाईल. आमच्याकडे एकदा एकाने अशीच यादी केली होती, धान्य वाटायला. नंतर ती यादी दुसऱ्याच लोकांच्या हातात गेली. ते लोक यादी वाचत घराघरात शिरले."

वरिष्ठ उठून गेले. मला वाटलं, हे सगळं रचलेलं आहे. संध्याकाळच्या अहवालात मी 'सहकार्य करत नाही' असं लिहिलं.

गुरुवारी सकाळी नऊलाच ताई ठाण्यात आल्या. खरं म्हणजे त्या थेट त्या घरीच जायच्या. आल्या त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, एक बोलू? रागावू नका."

"बोला ना ताई."

"ती बाई दोन दिवस जेवलेली नाहीये. मला मात्र करून घालते. कॉफीच्या टरफलांचा आलं घातलेला काढा करतात ते लोक, तो देते. साडेदहा वाजले की घड्याळाकडे बोट दाखवते आणि रडायला लागते. काल तिने हात असा धरला." ताईंनी हात स्वतःच्या छातीखाली धरला, मग थोडा वर, मग पुन्हा खाली. "असा, असा, असा. मला वाटतं ती पोरांचं सांगते. एवढी एवढी पोरं."

"ताई, त्यांना मूलबाळ नाही. फॉर्मवर लिहिलंय."

"तेच तर म्हणते मी. मग कोणाची पोरं? आणि साहेब, माणूस शिक्षक आहे ना?"

मी फाइल उघडली. व्यवसाय, शिक्षक. मी स्वतःच्या हाताने ते यादीत उतरवलं होतं. तीन दिवस चौकशी केली, शाळेचं नाव विचारलं, किती वर्षं नोकरी ते विचारलं. कोणता वर्ग शिकवतोस, हे काही विचारलं नव्हतं.

दहा वाजता तो आला. चाचा आले. मी त्याला खुर्ची दिली आणि एवढंच विचारलं, "मुलं कशी आहेत?"

चाचांनी सांगितलं. मग त्याने वळून ताईंकडे पाहिलं. ताई दारातच थांबल्या होत्या, त्या घरी गेल्याच नव्हत्या. त्याने चाचांना दोन वाक्यं सांगितली.

"म्हणतो, फोन चालू करा. ऐका. पण लिहू नका."

मी पेन खाली ठेवलं. त्याने पेनाकडे पाहिलं. मी ते उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मुद्देमालाच्या पाकिटातून फोन काढून त्याच्या हातात दिला. नियमात ते बसत होतं का? नव्हतं.

फोन सुरू झाला आणि टेबलावर थरथरत राहिला. एकामागून एक निरोप येत होते, थांबतच नव्हते. आवाजी निरोप होते सगळे. त्याने पहिला लावला. लहान मुलीचा आवाज, मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. मुलीने एक आकडा सांगितला आणि एक शब्द. पुढचा निरोप, मुलगा, घोगरा आवाज. आकडा आणि तोच शब्द. मग तिसरा, मग चौथा.

"हादिर," चाचा हळूच म्हणाले. "साहेब, हादिर म्हणजे आपलं हजर."

"अगो बाय माझे," ताई दारातून म्हणाल्या आणि पदर नव्हता म्हणून रुमालच तोंडाला लावला.

ती हजेरी होती. इयत्ता सहावीची.

मग तो बोलला. चाचा सांगत गेले आणि मी ऐकत गेलो. बायकोच्या ऑपरेशनसाठी निघताना त्याने वर्गाला सांगितलं होतं, चाळीस दिवसांत येतो. तो इथे असताना लढाई पेटली. शाळेच्या इमारतीवर बॉम्ब पडला, सुदैवाने सुट्टीच्या दिवशी. मुलं आपापल्या घरच्यांबरोबर डोंगरातल्या गावांत पांगली. त्याने आई-वडिलांचे फोन मिळवले. कुठे एका फोनवर एकच मूल, कुठे आसपासची चार मुलं मिळून एक फोन. नावं फोनवर घ्यायची नाहीत, फक्त हजेरीचा नंबर, हे त्यानेच ठरवून दिलं. कोण कुठे गेलं ते लक्षात राहावं म्हणून नकाशा. तिथले आठ म्हणजे आपले साडेदहा. शाळेची घंटा तिथे आठला व्हायची. शुक्रवार-शनिवार शाळेला सुट्टी, म्हणून फोन नाहीत. हजेरी झाली की प्रत्येकाला एक गणित. म्हणून ते आकडे.

फोनवरचे निरोप अजून संपले नव्हते. मंगळवारचे संपून बुधवारचे सुरू झाले तसे ते बदलले. मुलं आता नंबर सांगून पुढे आणखी काही बोलत होती. चाचा सांगू लागले.

"विचारतायत, उस्ताद, म्हणजे मास्तर, तुम्ही कुठे आहात? तुमच्याकडे पण बॉम्ब पडतात का?"

शेवटी, बुधवारी संध्याकाळचा, एकोणीस नंबरच्या मुलीचा निरोप होता, लांबलचक. ती एक-एक आकडा घेत होती. मास्तर गप्प झाले म्हणून आदल्या दिवसापासून तिने मोठ्या भावाच्या फोनवरून सगळ्यांना फोन लावून हजेरी घेतली होती. शेवटी ती म्हणाली, आज रोजचे सगळे मिळाले. फक्त तुम्ही मिळत नाही. आम्ही उद्यापण लावू, परवापण लावू.

इतका वेळ ताठ बसलेल्या त्या माणसाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळहातांत तोंड झाकलं. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी खिडकीकडे बघत बसलो. पोलीस ठाण्यात माणसं रडतात, त्याची आम्हाला सवय असते. आमच्या चुकीने कुणी रडतंय, याची नसते.

थोड्या वेळाने मी वही त्याच्यापुढे सरकवली. सगळ्या पानांवर बरोबरच्या खुणा होत्या, पण दोन आकड्यांपुढे, चार आणि बावीस, गेले कित्येक दिवस गोल काढलेला होता.

"हे दोघं?"

"गैरहजर," त्याचं उत्तर चाचांनी सांगितलं.

"फोन लागत नाही?"

"लागत नाही. तरी मी रोज नंबर पुकारतो. थोडं थांबतो. मग पुढचा नंबर."

मी आणखी विचारलं नाही. घड्याळात दहा पस्तीस झाले होते. मी चाचांना म्हटलं, "त्यांना सांगा, पाच मिनिटं उशीर झालाय. सुरू करा." आणि त्या दिवशी सहावीचा वर्ग आमच्या गोपनीय कक्षात भरला. त्याचा आवाज ऐकल्यावर पलीकडून जो आरडाओरडा झाला तो बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत गेला. अंमलदार दारात येऊन बघून गेला.

दुपारी मी अहवाल लिहिला. सदर इसम शिक्षक असून विद्यार्थ्यांची दूरध्वनीवरून हजेरी घेतो, संशयास्पद काही आढळलं नाही, व्हिसा मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असून पत्नीवर उपचार सुरू आहेत, तरी मुदतवाढीस हरकत नाही. वरिष्ठांनी वाचला. वाचताना त्यांचा चेहरा सैल झाला, ते मला दिसलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "नावांची यादी जोड. वहीच्या पहिल्या पानाचा अनुवाद."

"साहेब, अकरा-बारा वर्षांची मुलं आहेत ती."

"मला कळत नाही का रे? पण वरून मागणार. एकतीस माणसं कोण, ते कागदावर नको?"

"'नावं तपासाशी संबंधित नाहीत, म्हणून घेतलेली नाहीत', असं लिहितो."

"आणि अनुवाद? चाचांनी वाचलंय ना पान?"

"वाचलंय. मी उतरवून घेतलेलं नाही."

त्यांनी पेपरवेट अहवालावर ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्या सहीने जाऊ दे. माझी सही फक्त 'सादर' म्हणून."

तसाच अहवाल गेला. वही, फोन आणि नकाशा मी त्याला पोच घेऊन परत केले. वहीची झेरॉक्स ठेवली नाही. महिन्याभराने माझ्याकडून खुलासा मागवला गेला, तो मी दिला. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'आवश्यक माहिती संकलित करण्यात हयगय' असा शेरा पडला आणि माझी बढती मागे राहिली. बायकोने विचारलं, काय झालं? मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मग ठीक आहे."

व्हिसाची मुदत वाढली. पण सगळं सुरळीत झालं असं नाही. पोलीस गच्चीवर आले होते, एवढं सोसायटीला पुरेसं होतं. कमिटीने ठराव केला, परदेशी भाडेकरू नकोत. सेक्रेटरी बिचारे मला भेटायला आले.

"साहेब, मी एकटा विरोधात होतो. कुणी ऐकलं नाही. मी चूक केली का हो तुमच्याकडे येऊन?"

"येण्यात चूक नाही," मी म्हटलं. "पण आधी त्यांच्याकडे एक कप चहा प्यायला गेला असता तर बरं झालं असतं."

हेच मी स्वतःलाही सांगायला हवं होतं, हे त्यांच्या बहुतेक लक्षात आलं असावं.

शेवटी चाचांनी त्यांना कुर्ल्याला आपल्याच इमारतीत एक खोली मिळवून दिली. हद्द बदलली, तरी प्रकरण माझं म्हणून आठवड्याच्या भेटी माझ्याकडेच राहिल्या. लक्ष ठेवण्याचा आदेश कुणी मागे घेतलाच नव्हता. मी मुद्दाम साडेदहाला जायचो. ताई कधी बरोबर असायच्या. मास्तरांची बायको आता उठून-बसून काम करायला लागली होती. ती टरफलांचा काढा द्यायची, आणि आम्ही हजेरी संपेपर्यंत गप्प बसायचो.

एकदा मुलांना मागे कुणीतरी खोकल्याचा आवाज गेला. कोण आलंय, असं विचारलं त्यांनी. मास्तर हसले आणि त्या दिवसाचं गणित घातलं. चाचांनी मला समजावून सांगितलं ते असं. एक पोलीस अधिकारी दर आठवड्याला सात घरी जातो. प्रत्येक घरी दोन पेले कॉफी पितो. एका घरची कॉफी त्याला आवडत नाही, तिथे तो अर्धाच पेला पितो. तर महिन्यात किती? पलीकडे हसणं सुरू झालं. एका मुलाने उत्तराऐवजी उलट विचारलं की त्या अधिकाऱ्याला दुसरं काम नाही का? चाचांना हसू आवरेना. मलाही.

पावसाळा संपता संपता कुठल्याशा तिसऱ्या देशातून जायची वाट खुली झाली आणि ते दोघं गेले. मी विमानतळावर गेलो नाही. रजिस्टरमध्ये नावापुढे 'देश सोडला' अशी नोंद केली. दोन महिन्यांनी चाचांना एक निरोप आला. ते गावी पोहोचले होते, एका धर्मशाळेच्या ओसरीवर वर्ग भरत होता, त्यात तेवीस मुलं जमली होती. बाकीच्यांचं चाचांनी विचारलं नाही, आणि मीही चाचांना विचारलं नाही. त्यानंतर निरोप आला नाही.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लक्ष ठेवू नये, असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर तेच काम केलं, त्यातून एक-दोन वेळा मोठे अनर्थ टळलेही आहेत. पण लढाई कुठल्याही देशात होवो, तिथून आलेल्या माणसाकडे आपण त्या लढाईचा भाग म्हणून बघू लागतो. तो तिच्यापासून पळालेला, किंवा तिच्यात आपली माणसं अडकलेला असू शकतो, हे फॉर्मच्या रकान्यात मावत नाही. ते त्याच्या घरात जाऊन बसल्यावरच कळतं. आणि आपण लिहिलेला कागद आपल्या हातात राहत नाही, हे त्या माणसाला जेवढं ठाऊक होतं तेवढं मला, कागदावरच नोकरी काढलेल्या माणसाला, ठाऊक नव्हतं.

मध्यंतरी एक तरुण अधिकारी मुलुंडला माझ्या घरी आला होता. पूर्वी माझ्या हाताखाली होता. जगात पुन्हा एक लढाई सुरू झालेली, वरून पुन्हा तसंच पत्र आलेलं. त्या देशाची काही मुलं अंधेरीकडे शिकायला राहतात, त्यांची यादी त्याला करायची होती. कशी करावी, विचारत होता. मी त्याला सांगितलं, यादी कर, ते तुझं काम आहे. पण वही उघडायच्या आधी दहा मिनिटं बस. आणि ज्या नावाची गरज नाही, ते लिहू नकोस.

"आणि सर, वरून मागितलं तर?"

"तर शेरा घे," मी म्हटलं. "मी घेतलाय. त्याने कुणी मरत नाही."